मेंटल हेल्थ नर्सिंगची डिग्री करताय? मग अभ्यास असा करा

मेंटल हेल्थ नर्सिंगला आल्यावर पहिल्या पोस्टिंगमध्ये जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच असते, की इथे हाताने करायचं काही नाहीच. सलाईन नाही, ड्रेसिंग नाही, पेशंट स्वतः चालतोय फिरतोय जेवतोय, मग नर्सने करायचं काय? आणि याच समजुतीतून अभ्यासही भलतीकडे जातो, म्हणजे आजारांची नावं, लक्षणांच्या याद्या, गोळ्यांचे ग्रुप हे सगळं घोकून काढायचं आणि वॉर्डात पेशंटसमोर बसलं की तोंडातून शब्द फुटत नाही. माझं मत विचाराल तर या डिग्रीत मुळापासून शिकायचं ते म्हणजे नीट बघणं आणि जे बघितलं ते जसंच्या तसं लिहिणं. हे आलं की पुस्तकातलं बाकी सगळं आपोआप जागेवर बसत जातं, आणि हे नाही आलं तर डिस्टिंक्शन मिळवूनही वॉर्डात अडचणच होते.

कोर्सबद्दल एक छोटी गोष्ट आधीच सांगतो. सगळीकडे ही डिग्री एकसारखी नसते. ब्रिटनमध्ये अ‍ॅडल्ट, चिल्ड्रन, लर्निंग डिसॅबिलिटी आणि मेंटल हेल्थ अशी नर्सिंगची वेगवेगळी फील्ड्स आहेत आणि तुम्ही सुरुवातीपासूनच मेंटल हेल्थ घेऊ शकता, तर भारतात आधी सगळ्यांसाठी एकच बीएस्सी नर्सिंग आणि मग एमएस्सीला सायकियाट्रिक नर्सिंग असा रस्ता आहे. तुमचा रस्ता कोणताही असो, अ‍ॅडमिशनच्या वेळी इमारत आणि लायब्ररी बघण्याआधी दोन गोष्टी विचारा, पोस्टिंग कुठे कुठे असते आणि तिथे तुमच्याबरोबर कोण उभं राहतं. नुसत्या एका जुन्या मोठ्या हॉस्पिटलात सगळे तास भरून घेणारा कोर्स आणि अ‍क्यूट वॉर्ड, व्यसनमुक्ती, मुलांचं युनिट, म्हाताऱ्यांचा वॉर्ड, कम्युनिटी टीम असं सगळं फिरवणारा कोर्स यात जमीन अस्मानाचा फरक पडतो.

एमएसई रोज करायची, परीक्षेपुरती नाही

एमएसई म्हणजे मेंटल स्टेटस एक्झामिनेशन. सगळे तिचे मुद्दे पाठ करतात, दिसणं, वागणं, बोलणं, मूड, अफेक्ट, विचार, भास, आकलन आणि स्मृती, इनसाइट (आपल्याला आजार आहे याची जाणीव), जजमेंट (योग्य निर्णय घेता येणं). पाठ असणं ठीकच आहे पण पाठ करून एमएसई येत नाही. एक पद्धत चांगली चालते ती अशी, की पहिल्या आठवड्यात रोज एकच मुद्दा घ्यायचा आणि दिवसभर वॉर्डात फक्त तोच बघायचा. आज फक्त बोलणं. कोण किती वेगात बोलतंय, आवाज किती चढा, प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला किती वेळ लागतोय, आपणहून बोलतंय की विचारल्यावरच, मधेच तोडता येतंय का. उद्या फक्त हालचाली. परवा फक्त कपडे, केस, नखं, स्वच्छता. असं केलं की आठवड्याभरात डोळ्याला सवय लागते, आणि मग सगळे मुद्दे एकत्र करायला बसलात की लिहायला खरंच काहीतरी असतं.

मूड आणि अफेक्ट यात गोंधळ नेहमीचा. मूड म्हणजे पेशंट स्वतः काय सांगतो ते, शक्यतो त्याच्याच शब्दांत, अवतरण चिन्हात. अफेक्ट म्हणजे तुम्हाला समोर काय दिसतंय ते. एखादी बाई ‘मी मजेत आहे’ म्हणते आणि बोलता बोलता डोळे भरून येतात, किंवा एखादा मुलगा वडील गेल्याचं सांगताना हसतो, तर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या, स्वतःच्या मनाने त्यांची जुळवाजुळव करायची नाही. व्हायव्हात एक्झामिनर हमखास इथेच पकडतात.

विचारांच्या बाबतीत सर्कमस्टॅन्शियल, टॅन्जेन्शियल, फ्लाइट ऑफ आयडियाज या शब्दांच्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा पेशंटची दोन तीन वाक्यं तो बोलला तशीच टिपून ठेवा. फेऱ्या मारून मारून शेवटी मुद्द्यावर आला तर पहिला, मुद्दा सोडून गेला तो परतलाच नाही तर दुसरा, आणि एका गोष्टीवरून दुसरीवर झपाट्याने उड्या मारतोय पण उड्यांमधला धागा तुम्हाला कळतोय तर तिसरा. वाक्यं समोर असतील तर नाव चुकलं तरी सिनियर दुरुस्त करू शकतात. नुसतं नाव लिहिलंत तर काय दुरुस्त करणार?

शंभरातून सात सात वजा करायला सांगणं ही एकाग्रता बघायची जुनी पद्धत, पण समोरच्याचं शिक्षण किती झालंय ते आधी बघा. शाळेतच न गेलेल्या माणसाला ते जमलं नाही म्हणून त्याची एकाग्रता कमी असं लिहिणं म्हणजे शुद्ध अन्याय. त्याला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा.

आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा, अचानक बदललेली मानसिक अवस्था म्हणजे आधी शरीर तपासायचं. काल व्यवस्थित बोलणारी आजी आज दुपारी माणसं ओळखेना, संध्याकाळी जरा बरी, रात्री परत भिंतीवर किडे दिसतायत म्हणते, तर तो डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडामुळे अचानक आलेला गोंधळ, असण्याची शक्यता मोठी. डिमेन्शिया असा एका रात्रीत येत नाही. लघवीचं इन्फेक्शन, ताप, सोडियम कमी होणं, नवीन सुरू केलेली गोळी, दारू अचानक बंद होणं, काहीही कारण असू शकतं. भास ऐकू येणारे नसून दिसणारे असतील तर शरीरात काहीतरी बिघडलंय ही शंका आधी घ्यायची. पल्स, बीपी, टेंपरेचर, शुगर, ऑक्सिजन हे सगळं बघितल्याशिवाय ‘सायकियाट्रिक पेशंट आहे, असं होतंच’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे पण ठामपणे व्हायटल्स घेऊन या आणि समोर ठेवा.

नोट्स लिहिणं

‘पेशंट अ‍ॅग्रेसिव्ह होता.’ या वाक्यातून रात्रपाळीच्या नर्सला काय कळलं? काहीच नाही. त्याऐवजी असं लिहा, ‘सकाळी १० वाजता पेशंटने दोनदा टेबलावर हात आपटला, मला घरी जाऊ द्या असं मोठ्याने म्हणाला, कुणाच्या अंगावर गेला नाही, बाजूच्या खुर्चीत बसून बोललं तर दहा मिनिटांत शांत झाला.’ यात काय झालं, किती झालं, कशाने कमी झालं सगळं आलं, आणि पुढच्या वेळी काय करायचं तेही आलं. मॅनिप्युलेटिव्ह, अटेन्शन सीकिंग, नॉन कोऑपरेटिव्ह असले शब्द नोट्समधून काढूनच टाका, कारण एकदा फाईलमध्ये गेलेला शब्द वर्षानुवर्षं त्या माणसाच्या मागे फिरतो, पुढचा प्रत्येक जण तोच चष्मा लावून त्याला बघतो, आणि उद्या खरंच छातीत दुखलं तरी लोक म्हणतात नाटक करतोय.

केअर प्लॅनलाही हेच लागू. नर्सिंग डायग्नोसिसच्या जागी स्किझोफ्रेनिया असं लिहून मोकळं व्हायचं नाही, ते मेडिकल डायग्नोसिस झालं. त्या आजारामुळे या माणसाला आज काय जमत नाहीये ते लिहा. झोप नाही, दोन दिवस आंघोळ नाही, कुणीतरी जेवणात विष घालतंय या भीतीने जेवण नाही. आणि ध्येय मोजता येईल असं हवं. ‘पेशंट बरा होईल’ हे ध्येय नाही, ती प्रार्थना झाली. ‘तीन दिवसांत दिवसातून एकदा तरी सगळ्यांबरोबर बसून जेवेल’ हे ध्येय.

बोलायचं कसं

प्रोसेस रेकॉर्डिंग नावाचा प्रकार सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो, मलाही वाटायचा, पण खरं शिक्षण त्यातच होतं. चार रकाने करायचे, पेशंट काय म्हणाला, मी काय म्हणालो, तेव्हा माझ्या मनात काय आलं, आणि नंतर विचार करता त्या वाक्याने काय झालं. पेशंटसमोर वही उघडून बसू नका, बोलणं संपलं की लगेच बाहेर येऊन लिहा, दुपार झाली की मेंदू आपल्याला सोयीचं तेवढंच आठवतो. असे पाच सहा कागद झाले की लाल पेन घेऊन बसा आणि स्वतःची वाक्यं तपासा. का असा प्रश्न किती वेळा विचारला, सल्ला किती वेळा दिला, अवघड विषय आला की मी विषय बदलला का, ‘काळजी करू नका सगळं ठीक होईल’ हे किती वेळा म्हटलं. हे शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त सापडतं, आणि ते बहुतेक वेळा पेशंटपेक्षा आपल्याच धीरासाठी म्हटलेलं असतं.

का विचारलं की माणसाला पोलिसांनी जाब विचारल्यासारखं वाटतं. ‘गोळ्या का बंद केल्या’ याऐवजी ‘गोळ्या घेत होतात तेव्हा कसं वाटायचं’ असं विचारून बघा, उत्तर वेगळंच येतं. वजन वाढलं, दिवसभर झोप यायची, नवरा बायकोत अडचण व्हायला लागली, ही खरी कारणं असतात आणि ‘का’च्या उत्तरात ती कधीच येत नाहीत. आणि गप्प बसायला शिका. प्रश्न विचारल्यावर समोरचा गप्प राहिला की आपण घाईघाईने दुसरा प्रश्न टाकतो. डिप्रेशनमध्ये विचारांचा वेगच मंदावलेला असतो, त्याला उत्तरापर्यंत पोचायला वेळ लागतो, तुम्ही दुसरा प्रश्न टाकलात की तो परत पहिल्यापासून सुरुवात करतो.

आवाज ऐकू येणाऱ्या पेशंटला काय म्हणायचं हा प्रश्न पहिल्या दिवसापासून पडतो. ‘असं काही नसतं’ म्हणून वाद घालायचा नाही आणि ‘हो हो मलाही येतोय’ असंही नाही. ‘मला तो आवाज ऐकू येत नाहीये, पण तुम्हाला येतोय आणि तुम्ही घाबरलात हे मला दिसतंय’ एवढं पुरतं. मग पुढचं विचारा, आवाज काय म्हणतात, काही करायला सांगतात का, सांगितलेलं करावंसं वाटतं का. आवाज हुकूम देत असतील, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील तर ते तिथेच उठून टीमला कळवायचं, संध्याकाळच्या नोट्ससाठी ठेवायचं नाही. भ्रमाच्या बाबतीतही पुरावे देऊन पटवण्याच्या फंदात पडू नका, भ्रम पुराव्याने जात नाही. त्यामागची भीती, एकटेपणा, अपमान जे असेल त्याबद्दल बोला.

इथेच हिल्डेगार्ड पेपलॉ यांचं नाव घ्यायला हवं. १९५२ साली या अमेरिकन नर्सने नर्स आणि पेशंटमधलं नातं हेच नर्सिंगचं काम आहे असं मांडलं, तेव्हा ते खूप धाडसाचं होतं. परीक्षेत त्यांच्या नात्याच्या पायऱ्या विचारतात म्हणून सगळे तेवढंच करतात. मला स्वतःला त्यांनी सांगितलेल्या चिंतेच्या चार पातळ्या जास्त कामाच्या वाटतात, माइल्ड, मॉडरेट, सिव्हियर आणि पॅनिक. कारण पातळीवर तुमचं बोलणं ठरतं. माइल्ड चिंतेत माणूस नवीन शिकू शकतो, गोळ्यांची माहिती तेव्हा द्या. सिव्हियर किंवा पॅनिकमध्ये त्याला तुमची लांब वाक्यं कळतच नाहीत, तिथे तीन चार शब्दांचं वाक्य, शांत आवाज, कमी गर्दी आणि सोडून न जाणं एवढंच करायचं. पॅनिकमधल्या माणसाला ब्रीदिंग एक्सरसाइजचं लेक्चर देणारे विद्यार्थी बघितले की मला पेपलॉबाईंची आठवण येते.

आत्महत्येबद्दल विचारणं

हा प्रश्न विचारला तर त्याच्या डोक्यात तो विचार आपणच घालू ही भीती सगळ्यांना असते. तसं होत नाही, उलट कुणीतरी स्पष्ट विचारलं म्हणून बऱ्याच जणांना हायसं वाटतं. पण विचारायचं ते स्पष्ट. ‘तुम्ही तसलं काही करणार नाही ना?’ हा प्रश्न नाही, ही ‘नाही’ म्हणा अशी विनंती आहे, आणि समोरचा तेच म्हणणार. ‘जगू नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?’ असं सरळ. हो म्हणाला तर पुढे, कसं आणि कधी असं काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न झालाय का, आणि आतापर्यंत कशाने थांबलात. हे शेवटचं विसरू नका, कारण पुढचा सगळा सेफ्टी प्लॅन त्या उत्तरावर उभा राहतो.

हे प्रश्न वर्गात मैत्रिणीसमोर मोठ्याने म्हणून सराव करा, हसू येईल, येऊ दे, चार वेळा केलं की जीभ अडखळायची थांबते. कोलंबिया स्केल (आत्महत्येचा धोका जोखायची प्रश्नावली) आणि पीएचक्यू-९ (डिप्रेशनची प्रश्नावली) दोन्ही हाताखालून घाला. पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न, एकूण गुण ० ते २७, आणि १० किंवा त्याच्या पुढे गेलं की नीट तपासणी हवी असं साधारण धरतात, पण नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे आणि त्याला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर बेरीज पाच असली तरी बोलायचंच. आणि पेशंट म्हणाला ‘फक्त तुम्हाला सांगतो कुणाला सांगू नका’, तर ऐकून घेण्याआधीच सांगा की जिवाशी संबंधित गोष्ट मी टीमपासून लपवणार नाही. विद्यार्थी म्हणून एकट्याने असलं गुपित सांभाळायचं नसतं. हा भाग शिकताना स्वतःच्याच मनात असे विचार येत असतील तर तेही आजच कुणाला तरी सांगा, टीचरला, डॉक्टरला, हेल्पलाइनला.

औषधं पुस्तकातून नाही, पेशंटच्या अंगावरून शिका

फार्माकॉलॉजीत ग्रुपवार यादी पाठ केली की परीक्षेनंतर आठवड्याभरात उडून जाते. वॉर्डातला एक पेशंट घ्या, त्याच्या चार्टवरची प्रत्येक गोळी लिहा आणि ती या माणसात मला कुठे दिसेल असं विचारा. अँटिसायकॉटिक (भास आणि भ्रमांवरचं औषध) सुरू केल्यावर काही तासांत किंवा काही दिवसांत मान वाकडी होणं, डोळे वर चढणं, जबडा आवळणं म्हणजे अक्यूट डिस्टोनिया. पाय स्थिर न राहणं, सतत येरझाऱ्या, आतून तगमग म्हणजे अकॅथिसिया, आणि हा सगळ्यात धोकादायक गोंधळ, कारण लांबून तो आजार वाढल्यासारखा दिसतो, मग डोस वाढतो आणि त्याने तगमग अजून वाढते. म्हणून येरझाऱ्या घालणाऱ्याला थांबवून विचारा, मनात काही चाललंय म्हणून फिरताय की पायच बसू देत नाहीत म्हणून. वर्षानुवर्षांनी ओठ, जीभ यांच्या नकळत होणाऱ्या हालचाली म्हणजे टार्डिव्ह डिस्किनेसिया, ते मोजायला एआयएमएस स्केल, म्हणजे असल्या हालचालींना गुण देणारा तक्ता. ताप, अंग लाकडासारखं ताठ, घाम, बीपी वरखाली, शुद्ध हरपत चाललेली, तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम, पुढचा डोस द्यायचा नाही आणि धावत डॉक्टरकडे. हे बघणं नर्सचं काम आहे कारण डॉक्टर दहा मिनिटं येऊन जातात आणि तुम्ही आठ तास तिथे असता.

लिथियमचा उपयोग ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ मध्ये सांगितला आणि आजही बायपोलरमध्ये ते पहिल्या फळीत आहे, पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यात अंतर फार थोडं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटरमध्ये ठेवतात, १.५ च्या वर विषबाधेची चिन्हं यायला लागतात, आणि तपासणीचं रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं, नाहीतर आकडा फसवा येतो. हात बारीक थरथरणं चालतं, पण थरथर मोठी झाली, उलट्या, जुलाब, तोल जाणं, बोलणं जड झालं तर डोस थांबवून कळवायचं. घरच्यांना सांगायच्या गोष्टी अगदी साध्या, पाणी भरपूर, मीठ अचानक बंद करू नका, जुलाब उलट्या झाल्या तर लगेच दाखवा, आणि अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. क्लोझापीन या अँटिसायकॉटिकवर पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून ठरलेल्या वेळी रक्त तपासणी आणि घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी तपासणी हे सगळ्यांना पाठ असतं, पण पोट साफ होतं का हे कुणी विचारत नाही आणि क्लोझापीनची बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते, त्यामुळे लाजू नका, रोज विचारा. अँटिडिप्रेसंटला काम करायला काही आठवडे लागतात हे पेशंटला पहिल्याच दिवशी सांगा नाहीतर तो पाचव्या दिवशी बंद करतो, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त लक्ष द्या, विशेषतः तरुण पेशंटकडे, कारण अंगात थोडी ताकद आधी येते आणि मनातली निराशा मागाहून जाते.

व्यसनमुक्तीच्या वॉर्डात घड्याळ महत्त्वाचं. शेवटचा पेग कधी घेतला हे विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका. साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते, फिट्स बहुतेक पहिल्या ४८ तासांत येतात, आणि डिलिरियम ट्रेमेन्स (दारू सुटतानाचा डिलिरियम) बहुतेक ४८ ते ७२ तासांच्या सुमाराला. दारू सुटतानाचा त्रास किती आहे ते मोजणारं सीआयडब्ल्यूए स्केल भरायला शिका. आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) ग्लुकोजच्या आधी किंवा निदान बरोबर गेलंय ना ते बघा.

ईसीटीची, म्हणजे मेंदूला क्षणभर वीज देऊन करायच्या उपचाराची, भीती सिनेमाने घातलेली आहे, एकदा प्रत्यक्ष बघून घ्या. १९३८ मध्ये रोममध्ये सेर्लेटी आणि बिनी यांनी सुरू केली तेव्हा भूल नव्हती, आता भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध देऊनच करतात. तुमचं काम आधी आणि नंतर जास्त, संमती आहे का, उपाशी आहे का, कवळी काढली का, आणि शुद्धीवर आल्यावर तुम्ही कुठे आहात, आज काय झालं हे शांतपणे परत परत सांगणं, कारण थोडा वेळ गोंधळ आणि विसरणं होतंच.

शरीराकडे दुर्लक्ष हा या क्षेत्राला लागलेला जुना रोग आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात, आणि त्यातले बरेच मृत्यू टाळता येण्यासारख्या शारीरिक आजारांचे असतात. म्हणून वजन, कंबर, शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी, सिगरेट हे सगळं तुमच्याच अभ्यासक्रमात आहे असं समजा. जनरल नर्सिंगचं वर्ष कसंबसं ढकलून काढलं तर ते इथे अंगाशी येतं.

कायदा आणि जबरदस्ती

तुमच्या देशाचा मानसिक आरोग्याचा कायदा गाईडमधून वाचू नका, मूळ कायदाच उघडा. सगळा नाही वाचला तरी चालेल, ही उत्तरं शोधा, इच्छेविरुद्ध कुणाला दाखल करता येतं, किती दिवस, तो निर्णय कोण तपासतं, आणि पेशंट तक्रार कुठे करू शकतो. १९७८ मध्ये इटलीने कायदा १८० करून मनोरुग्णालयं हळूहळू बंद करायचं ठरवलं, फ्रँको बासाग्लिया हे त्यामागचं मोठं नाव, तो इतिहास वाचलात तर कम्युनिटी पोस्टिंग अभ्यासक्रमात का घातलंय ते कळेल. निर्णयक्षमतेचा मुद्दाही नीट समजून घ्या, ती त्या त्या निर्णयापुरती बघायची असते, आज ऑपरेशनचा निर्णय न कळणारा माणूस कोणते कपडे घालायचे ते अगदी व्यवस्थित ठरवू शकतो.

चिडलेल्या पेशंटजवळ जाताना एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी मागे राहायचं, त्याची आणि तुमची दोघांचीही दाराकडची वाट मोकळी ठेवायची, हाताच्या अंतराच्या बाहेर आणि थोडं तिरकं उभं राहायचं. बहुतेक वेळा चिडण्याला कारण असतं, फोन करू दिला नाही, डॉक्टर येतो म्हणाले आणि आले नाहीत, तीन तास कुणी उत्तर दिलं नाही. ते कारण सुटलं की निम्मं भांडण संपतं. बांधणं किंवा धरून ठेवणं अगदी शेवटी, कमीत कमी वेळ, सतत कुणीतरी समोर बसून श्वास, रंग, हातापायाचं रक्ताभिसरण बघत, आणि पालथं दाबून तर नाहीच, त्यात श्वास कोंडून माणसं मेलेली आहेत. विद्यार्थी म्हणून ट्रेनिंगशिवाय तुम्ही त्यात हात घालायचा नाही, कुणी बोलावलं तरी.

परीक्षा आणि असाइनमेंट

तुमचं कॉलेज आयसीडी (जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण) वापरतं की डीएसएम (अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचं) हे आधी विचारा, कारण आकडे वेगळे आहेत. स्किझोफ्रेनिया म्हणायला डीएसएममध्ये आजार एकूण सहा महिने असावा लागतो, आयसीडीमध्ये एक महिना. आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून लागू झालीय, सिनियरच्या जुन्या नोट्स आयसीडी-१० च्या असतात, त्यात स्किझोफ्रेनियाचे पॅरानॉइड, हेबेफ्रेनिक वगैरे प्रकार असतात ते नव्यात काढून टाकलेत. इतिहासाचा प्रश्न आला तर १८८२ ला अमेरिकेत मॅकलिन हॉस्पिटलमध्ये नर्सेसचं ट्रेनिंग सुरू झालं तिथून सुरुवात करा. केस स्टडीत पेशंटचं नाव, गाव, ओळखू येईल असं काहीही नको, आणि वॉर्डातला फोटो तर पाठमोराही नको. रिफ्लेक्टिव्ह असाइनमेंटसाठी गिब्ज यांचं १९८८ चं, अनुभवावर पायरीपायरीने विचार करायचं चक्र बहुतेक ठिकाणी मागतात, सहा पायऱ्या आहेत, पण विद्यार्थी काय झालं यावर दोन पानं लिहितात आणि त्यातून काय कळलं यावर दोन ओळी, गुण नेमके तिथेच जातात.

स्वतःचं काय

पहिल्या वर्षाच्या अखेरीस प्रत्येकाला आपल्याला तीन चार आजार आहेत असं वाटायला लागतं, ते मनावर घेऊ नका, झोप भूक काम बिघडलं असेल तर मात्र दाखवा. एखादा पेशंट विनाकारण फार आवडायला लागला किंवा बघितला की डोकं सणकायला लागलं, तर तो तुम्हाला कुणाची आठवण करून देतोय ते शोधा आणि सुपरव्हिजनमध्ये बोला, याला काउंटरट्रान्सफरन्स म्हणतात आणि ते सगळ्यांना होतं, प्रोफेसरांनाही. घरी आल्यावर वॉर्डातल्या गोष्टी घरच्यांना सांगून मन मोकळं करता येत नाही, गुप्तता आड येते, त्यामुळे बॅचमधल्या एखाद्याशी आणि टीचरशी बोलायची ठरलेली वेळ ठेवाच. पेशंटने मारलं, किंवा तुमच्या ओळखीच्या पेशंटने जीव दिला, तर त्या दिवशी डीब्रीफिंग (जे घडलं त्यावर टीमबरोबर बसून बोलणं) मागून घ्या, ‘मी ठीक आहे’ म्हणून पुढची ड्युटी करू नका.

आणि पोस्टिंग संपण्याचा दिवस पेशंटला पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. मी अमुक तारखेपर्यंत आहे, आठवड्यातून इतके दिवस येईन. मग शेवटच्या आठवड्यात परत आठवण करा, शेवटच्या भेटीत आपण काय काय बोललो ते त्यालाच सांगू द्या. ज्या माणसांना आयुष्यात लोक न सांगता सोडून गेलेले असतात त्यांना हे फार लागतं, काही जण शेवटच्या दोन दिवसांत मुद्दाम बोलणं बंद करतात, काहींची लक्षणं परत वर येतात, तेही नोट्समध्ये जायला हवं. तुमचा नंबर मागतील, द्यायचा नाही, सोशल मीडियावरही जोडायचं नाही, आणि नकार देताना कारण सरळ सांगायचं. त्यानंतर त्याच्याबरोबर उद्यापासून कोण बोलणार त्या नर्सला बोलावून समोरासमोर ओळख करून द्या आणि मगच निघा.